कुणी न घातलेला फ्रॉक

कपड्यांच्या दुकानात शिरल्या की शकूअक्का कांबळे आधी ट्रायल रूमच्या दाराशी जाऊन उभ्या राहतात आणि आत जाणारी माणसं मोजतात. कपड्यांकडे बघत नाहीत, भाव विचारत नाहीत. नुसत्या मोजतात. मग माझ्याकडे वळून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "मास्तरीण, त्यो हिरवा ड्रेस बघितलास? चौघींनी घातला. पाचवी आत हाय. आन् ह्यो माणूस म्हणतोय नवा माल!"

माझ्या पुतण्याचं लग्न होतं तेव्हाची ही गोष्ट. मी शाळेतून थेट राजारामपुरीत गेले होते, पाय सुजले होते आणि काहीतरी बरं दिसणारं घेऊन एकदाचं घरी जावं एवढीच माझी इच्छा होती. अक्कांना सोबत नेणं ही माझी चूक. मी आमच्या ह्यांच्यासाठी खोक्यातला एक शर्ट पसंत केला, तर अक्कांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"पावणं, ह्येला टाचण्या किती असत्यात?"

"असतील की सहा," दुकानदार म्हणाला.

"मोजा बरं."

बिचाऱ्याने मोजल्या. चारच निघाल्या.

"मग दोन कुणाच्या घरी गेल्या?"

आम्ही काही न घेता बाहेर पडलो. रस्त्यात अक्का म्हणाल्या, "कशाला त्वांड पाडतीस? मी शिवतो की." (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘शिवतो, जातो’ असंच बोलतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.) त्यांनी खरंच शिवलं. त्या लग्नात मी जो पंजाबी ड्रेस घातला होता त्यात नवरदेव आणि त्याचा घोडा दोन्ही मावले असते. खिसे मात्र उत्तम होते.

कसबा बावड्यात आमच्या कॉलनीत त्यांचं घर आणि माझं घर एका भिंतीला भिंत लावून आहे. पंचवीस वर्षं झाली. मी शाळेत भूगोल शिकवते, आणि आता शिकवून शिकवून इतकी दमले आहे की नकाशावर कुठे बसायला जागा दिसते का बघत असते. शकूअक्का पोस्टात होत्या. पूर्वी लोक पार्सलं कापडात शिवून आणत. कुणी वेडीवाकडी टीप घालून आणलं की अक्का खिडकीतूनच ते परत ढकलायच्या नाहीत, ड्रॉवरमधून सुई-दोरा काढून स्वतः उसवून नीट शिवायच्या. मागे रांग वाढत असायची. "जाऊ दे की ओ अक्का," असं कुणी म्हणालं तर म्हणायच्या, "आत लोणचं हाय त्येंच्या पोराला. फुटलं तर तुमी देणार हायसा व्हय?"

तिथूनच शिवणाचं वेड लागलं असं मी बरीच वर्षं समजत होते.

त्यांच्या घरात बाहेरून शिवून आलेला कपडा जवळजवळ नाहीच. स्वतःचे ब्लाउज, गाऊन, परकर; दोन्ही मुलींचे फ्रॉक, शाळेचे गणवेश, पुढे सलवार-कमीज; नवऱ्याचे शर्ट, विजारी आणि आतल्या चड्ड्यासुद्धा. बनियन तेवढा अजून जमलेला नाही, त्याचं त्यांना मनापासून दुःख आहे. इचलकरंजीहून वर्षातून एकदा कापडाचा अख्खा तागा यायचा. तो आधी हौदात भिजवायचा, म्हणजे आटायचं ते आटून जातं, आणि मग गच्चीवर वाळत घालायचा. त्यांची गच्ची संपली की तागा आमच्या गच्चीवर यायचा. त्या दिवशी आमचे कपडे घरात पंख्याखाली वाळायचे, हे मी कधी तोंडाने बोलले नाही, पण आज लिहून मोकळी होते.

एकाच ताग्यातून सगळं घर निघायचं. त्यामुळे कॉलनीला त्यांची वर्षं कापडावरून लक्षात राहिली आहेत. पंचगंगेचं पाणी पार कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत आलं ते चॉकलेटी पट्ट्यांचं वर्ष. त्यांची थोरली सुजाता दहावीला बोर्डात चमकली ते निळ्या चौकड्यांचं. अक्कांचे यजमान, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. फार शांत माणूस. निळ्या चौकड्यांच्या वर्षी मला म्हणाले, "बाई, मी खिडकीपाशी हुबारलो तर ही मला सगळ्या घरात हुडकती. मागं पडदा त्योच हाय न्हवं."

माप घ्यायला अक्का टेप वापरत नाहीत. "टेप वडंल तसा खोटं बोलतोय." वीत आणि चार बोटं, एवढंच. समोरच्या माणसाकडे बोलताना त्यांची नजर चेहऱ्यावर नसतेच, खांद्याच्या शिवणीवर असते. एकदा आमच्या हेडमास्तरांना पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, "सर, तुमचा डावा खांदा अर्धा बोट खाली हाय. पिशवी त्याच हातात धरतासा न्हवं?" हेडमास्तर पुढचे आठ दिवस पिशवी उजव्या हातात धरून फिरत होते.

आणि सगळं ढगळ. अंगाबरोबर शिवलेलं त्यांना सोसत नाही. "श्वास कुठं घ्यायचा माणसानं?" असं विचारतात. प्रत्येक कपड्याला खिसा, परकरालासुद्धा. सुजाता आणि धाकटी प्रज्ञा शाळेत फ्रॉकच्या खिशात चिंचा भरून यायच्या तेव्हा वर्गातल्या बाकीच्या पोरी हेव्याने बघायच्या. वैशाखी पौर्णिमेला मात्र रंग नाही. चौघंही पांढऱ्याशुभ्र, घरी शिवलेल्या, कडक इस्त्रीच्या कपड्यांत विहाराकडे निघायची, आणि त्या दिवशी अक्कांकडे बघताना मला माझ्या साडीवरची चुरगळ दिसायला लागायची.

त्यांचा एक नियम सगळ्यात विचित्र होता. सुजाताचा फ्रॉक आखूड झाला तरी तो धाकट्या प्रज्ञाला कधी घातला नाही. प्रज्ञाला त्याच कापडाचा वेगळा, नवा. मग आखूड झालेल्या फ्रॉकचं काय व्हायचं? अक्का त्याची बटणं काढायच्या, शिवण उसवायच्या आणि कात्रीने सरळ चार तुकडे करून फरशी पुसायला घ्यायच्या. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण त्यांच्या दारावरून तशीच पुढे जायची. "माझं उतरल्यालं दुसऱ्याच्या अंगावर जायला नगं," एवढंच बोलायच्या. मला तो चक्रमपणा वाटायचा. भांड्यांच्या बाबतीत मी व्यवहारी होते. आमच्या घरातली निम्मी स्टीलची पातेली माझ्या जुन्या साड्यांची आहेत.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगायला मला अजून जड जातं.

इथे राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी मी माझ्या अश्विनीचे लहान झालेले फ्रॉक पिशवीत भरले. अश्विनी प्रज्ञापेक्षा वर्षाने मोठी. फ्रॉक चांगले होते, धुतलेले, इस्त्री केलेले. पिशवी घेऊन मी शेजारी गेले आणि म्हटलं, "अक्का, प्रज्ञाला होतील. वाया जाण्यापेक्षा बरं." अक्कांनी पिशवीकडे बघितलं. म्हणाल्या, "ठेव तिथं." चहा दिला. तिसऱ्या दिवशी पिशवी परत आली. सगळे फ्रॉक पुन्हा धुतलेले, ढिली बटणं घट्ट केलेली, उसवलेले काठ शिवलेले आणि वर एक कोरा, गुलाबी फ्रॉक, अश्विनीच्या मापाचा.

"ह्यो नवा हाय," अक्का म्हणाल्या. "कुणी घातल्याला न्हाय."

कुणालाही यातून कळलं असतं. मला कळलं नाही. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "किती चांगला स्वभाव बघा, जुन्याच्या बदल्यात नवा!" आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा पिशवी दिली. पुन्हा ती परत आली, वर पिवळा फ्रॉक. तिसऱ्या वर्षी मी तिसरी पिशवी दिली. तिच्यावर मोरपंखी फ्रॉक आला, झालर लावलेला. मी तीन वर्षं एका माणसाच्या तोंडावर तेच मारत राहिले, आणि ते माणूस तीन वर्षं न बोलता मला उत्तर शिवून देत राहिलं. मुलांना भूगोल शिकवणाऱ्या बाईला शेजारच्या घराचा पत्ता लागला नाही.

शेवटी आप्पांनी सांगितलं. गच्चीवर मिरच्या वाळत घालत होतो, अक्का ड्यूटीवर होत्या. आप्पा खाली बघत म्हणाले, "बाई, राग मानू नगासा. पण पिशवी देऊ नगा तिला."

अक्कांचं माहेर नेसरीच्या अंगाचं. आई दुसऱ्याच्या रानात कामाला जायची. त्या घरच्या पोरीचे उतरलेले फ्रॉक आईला मिळायचे, ते शकू घालायची. ती पोरगी आणि शकू एकाच वर्गात. एके दिवशी प्रार्थनेच्या रांगेत ती पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्यो माझा फ्रॉक हाय. बघा, पाठीला शाई सांडलीया, ती मीच सांडली." आणि शाईचा डाग दाखवायला तिने शकूला खांद्याला धरून वळवलं. पोरं हसली. शकू आठ वर्षांची होती.

"घरी आली ती फ्रॉक काढूनच बसली," आप्पा म्हणाले. "दुसरं काय घालायला न्हवतंच. दोन दिस शाळा न्हाय. मग आईनं साखरेच्या पोत्याचं कापड धुतलं आन् हातानं शिवला एक. पाठीवरची छापाची अक्षरं काय गेली न्हाईत. पर ही त्यो घालून पुढच्या बाकावर बसायची. सांगायची, ‘ह्यो माझा हाय. माझ्या आईनं शिवलाय.’"

मी मिरच्या पसरत राहिले. माझे हात भगभगत होते. मी कोडोलीची, शेतकऱ्याच्या घरातली. आमच्याही घरातून दिवाळीच्या आधी उतरलेल्या कपड्यांचं गाठोडं जायचं. आई ते मोठ्या मनाने द्यायची, आणि ते घेणाऱ्या बाईच्या पोरीने माझाच परकर घातलेला बघून मला लहानपणी गंमत वाटायची. मी तोंडाने कधी काही बोलले नाही. पण ते न बोलणं हा माझा चांगुलपणा नव्हता, सुचलं नाही एवढंच. मला फार लाज वाटली.

पिशवी बंद झाली. पण मी माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू करता करता वीसहून जास्त वर्षं गेली. कशी मागायची तेच कळेना. भाजीची देवाणघेवाण झाली, दुखणीखुपणी झाली, मुलींची लग्नं झाली, आणि ते तीन फ्रॉक आमच्या दोघींच्या मध्ये तसेच राहिले.

सुजाता पुण्याला गेली, प्रज्ञा बेंगळुरूला. दोघी चांगल्या नोकऱ्यांत आहेत आणि दोघी कपडे मोबाईलवरून मागवतात. पटलं नाही की परत पाठवतात. हे ऐकून अक्का पहिल्यांदा हादरल्या. "परत पाठवल्यालं मग कुठं जातंय?" "दुसऱ्याला," सुजाता म्हणाली. अक्कांनी फोन आप्पांच्या हातात दिला.

दीड वर्षापूर्वी सुजाताला मुलगा झाला. अक्का अकरा झबली, अकरा टोपडी आणि सहा दुपटी शिवून पुण्याला घेऊन गेल्या. वीस दिवसांनी आल्या. महिन्याभराने त्यांच्याकडे बसले असताना सुजाताचा व्हिडिओ कॉल आला. बाळाच्या अंगावर पोटावर हत्ती असलेला, पायांसकट एकसंध असा कपडा होता. "किती गोड आहे ना?" सुजाता म्हणाली. "ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलाचे दिलेत तिने, बॅगभर. अगदी नव्यासारखे आहेत, आई. तुझी झबली बटणांची आहेत ना, रात्री घाई होते."

"असू दे, असू दे," अक्का म्हणाल्या. "त्येला बरं वाटतंय न्हवं, मग झालं."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला चहा दिला नाही. विसरल्या. सुजाताचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तिला त्या बॅगेत मैत्रीण दिसली, आणि दिसावी म्हणूनच तर अक्कांनी तिला इतकं शिकवलं. पण त्या वर्षी इचलकरंजीहून तागा आला नाही. आमची गच्ची मोकळी राहिली. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज येईना, आणि ज्या आवाजाला मी पंचवीस वर्षं कंटाळले होते त्याच्याशिवाय मला वह्या तपासायला सुचेना. कॉलनीत ते वर्ष बिनकापडाचंच राहिलं.

या उन्हाळ्यात माझी अश्विनी बाळंत झाली. दिवस भरायच्या आधीच. मुलगी एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. बारा दिवस दवाखान्यात काढून दोघींना घरी आणलं. अंगाला नवं काही लावलं की त्या पोरीच्या कातडीवर लाल चट्टे उठायचे. अश्विनीच्या सासूबाई म्हणाल्या, "नवीन घालूच नका. लहान बाळाला पहिलं जुनंच घालायचं असतं. सुती, वापरून वापरून मऊ झालेलं. साडीची झबली करा."

मी कपाट उघडलं. सगळ्या साड्या अंगाला चिकटणाऱ्या, न चुरगळणाऱ्या, शाळेत जायला सोयीच्या. सुती होत्या त्यांची पातेली झाली होती. पोरगी रडत होती, अश्विनी रडत होती, आणि मी सलग किती दिवस झोपले नव्हते ते मोजायचंही बंद केलं होतं. दुपारचे बारा वाजले होते. मी आहे त्या गाऊनवर, केस न विंचरता शेजारी गेले. आप्पा जिन्यात होते, त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

"अक्का," मी म्हटलं, "तुमची एखादी सुती साडी आहे का? जुनी. तुम्ही घातलेली. खूप घातलेली. बाळाला झबली करायचीत."

माझ्या मनात त्या वेळी काहीही थोर नव्हतं, हे कबूल करते. मला मऊ कापड हवं होतं. बोलून गेले, आणि मग अक्कांचा चेहरा बघितला. त्या माझ्या खांद्यांकडे बघत नव्हत्या. थेट डोळ्यांकडे बघत होत्या.

"घातल्याली?"

"हो."

"माझी?"

"हो अक्का. तुमचीच."

"तुझ्या नातीच्या अंगावर?"

मी मान हलवली. मला हुंदकाच आला. तो दमल्याचा होता की वीस वर्षांचा, मला आजही सांगता येणार नाही. दारातच उभी राहून मी म्हणाले, "अक्का, मी त्या पिशव्या द्यायला नको होत्या. तीन-तीनदा. मला कळलं नाही. आणि कळल्यावरसुद्धा मी गप्प बसले."

अक्का वळल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, संपलं. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पांढरी साडी होती, पौर्णिमेला नेसायची. किती वर्षं धुतली गेली होती कोण जाणे. हातात घेतली तर वजनच लागेना. त्यांनी मशीनवरचं आच्छादन काढलं, पट्ट्यावरून हात फिरवला आणि जमिनीवर साडी पसरून कात्री घेतली.

"माप?" मी विचारलं. "बाळाला आणू?"

"तिला कशाला हलवतीस? किती हाय, सांग."

मी माझी वीत दाखवली आणि त्यावर दोन बोटं. अक्कांनी ती माझ्या हातावरूनच आपल्या हातावर घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्या अगदी अंगाबरोबर शिवत होत्या. शिवण बाहेरच्या अंगाला घेतली, म्हणजे आतून टोचायला नको. बटण नाही, नाडी. पहिलं झबलं झालं तेव्हा ते माझ्या पसरलेल्या पंजापेक्षा जरा मोठं होतं.

ते घेऊन त्या स्वतः आमच्या घरी आल्या. हात धुतले. अश्विनीच्या सासूबाई समोर बसल्या होत्या. अक्का दारातच थबकल्या, झबलं पदराखाली धरलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "माझ्या साडीचं हाय. मी कांबळे, शेजारची. चालंल न्हवं?"

सासूबाईंनी झबलं हातात घेऊन गालाला लावून बघितलं. "किती मऊ हो," त्या म्हणाल्या. "आणखी होतील का दोन-चार?"

अक्कांनी बाळाला झबलं घातलं. ती पोरगी रडायची थांबली असं काही झालं नाही, उलट जास्तच ओरडली. पण चट्ट्यांवर कापड घासलं नाही, आणि थोड्या वेळाने ती झोपली. अक्का तिच्या पाठीवर हात ठेवून किती तरी वेळ बसून राहिल्या. मग मला स्वयंपाकघरात खेचलं, दार ओढून घेतलं आणि त्या बुलंद आवाजाच्या बाईने अगदी हळू विचारलं,

"मास्तरीण, परत तर आणून देणार न्हाईस न्हवं?"

मी म्हटलं, "नाही अक्का. ठेवून घेणार आहे."